पुनवेपर्यंत कुलूप

हळदीच्या खोलीला कुलूप लावायचा नियम माझा. दुसऱ्या कोनाचा न्हाई. हे आधीच सांगून टाकते, म्हंजे मागून कोनी म्हनायला नको की कमलबाईनं दुसऱ्यावर ढकललं. माझं तोंड फाटकं हाय, हे गावाला ठाऊक हाय. पन खोटं बोलायची सवय मला न्हवती. आयुष्यात एकदाच बोलले, तेबी हिंगोलीच्या दवाखान्यात, डॉक्टरच्या तोंडावर.

आमचं गाव कनेरगाव नाक्यापासून आत, चार किलोमीटरवर. बौद्धवाड्यात एकतीस घरं. कोनाला एकरभर जमीन, कोनाला तेवढीबी न्हाई. तुरीची डाळ सनासुदीला, बाकीचे दिवस चटनी-भाकर. दीड वर्षाखाली अंगनवाडीच्या सुमनबाईनं लेकरं काट्यावर तोलली, तर आमच्या वाड्यातली अकरा लेकरं लाल रेघेखाली. सुमनबाई वरच्या आळीची, बोलायला गोड. म्हनली, "कमलबाई, लेकरायला काहीतरी ताकदीचं घाला. अंडी घाला, डाळ घाला."

मी म्हनलं, "बरं, बाई. अंडी तुमच्या घरून पाठवून देता का?"

दुसरी कोनी असती तर फुगून बसली असती. ही न्हाई फुगली. पंधरा दिवसांनी दिपा नावाची एक पोरगी घेऊन आली, मशरूम लावायचं शिकवनारी. दिपानं आमाला सगळं हातानं करून दाखवलं. सोयाबीनचं कुटार, म्हंजे मळनीचा भुसा, भिजवायचं, हळद शिजवायच्या मोठ्या पिपात वाफवायचं, गार झालं की पिशवीत दाबून भरायचं, मधी मधी बियान्याचा थर द्यायचा. पिशव्या अंधाऱ्या खोलीत टांगायच्या. वीस दिवसांत आत पांढरं जाळं धरतं. मग पिशवी कापायची, दिवसातून तीनदा पानी फवारायचं, अन् आठ दिवसांत छत्र्या बाहेर. पीप आमचंच, कुटार फुकटचं. खोलीबी आमचीच, आमच्या मालकानं मरायच्या आधी हळद ठेवायला अंगनात बांधलेली.

कुटार वरच्या आळीच्या तातेरावनं दिलं. ते तसंबी जाळूनच टाकतेत. देताना हसला मातर. "कमलबाई, कुत्र्याच्या छत्र्या खाऊ घालता का लेकरायला?"

"तुमी बी या खायला," मी म्हनलं. "एकदा खाल्ल्यावर परत मागाल."

पहिलं पीक निघालं अन् लगेच भांडनं सुरू. जी तोडायला जाई ती दोन मुठी जास्त नेई. आमच्या शेजारची बेबीबाई तर दोन किलो आपल्या बहिनीला देऊन आली, वर म्हनती कशी, बहिनीचं पोट पोट न्हाई का? मी तिचा असा समाचार घेतला की तिनं चार दिवस तोंड दाखवलं न्हाई. अन् त्याच दिवशी मी नियम केला. पुनवेला विहारात वंदनेला साऱ्या घरचे येतेतच. तवा वंदना झाली की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं एकदम तोडायचं, एकदम तोलायचं, एकतीस वाटे सारखे. उरलेलं वाळवून अंगनवाडीत. पुनवेपर्यंत कोनी एक छत्री तोडायची न्हाई. खोलीला कुलूप, चावी माझ्या कमरेला.

दिपा म्हनली, "मावशी, असं करू नका. छत्रीची कड वर वळायच्या आत तोडावी लागते. अन् त्या दोन झरोक्यांतली पोती काढा, हवा खेळू द्या. आत जाताना तोंडाला फडकं बांधा."

"कड वळली तर वळली," मी म्हनलं, "वजन तर वाढून राहिलं. अन् हवा खेळली की ओल जाती. तुझं शिकवून झालं ना, पोरी? आता आमचं आमाला करू दे."

ती गेली. फडकी आठ दिवस बांधली, मग कोनी बांधंना. पोती झरोक्यात तशीच राहिली.

पानी फवारायचं काम माझ्या सुनेचं, शीतलचं. खोली आमच्या अंगनात, अन् तिचा हात हलका. चोवीस वर्षांची, नरसी नामदेव गावची पोरगी, लगीन होऊन तीन वर्षं झालेली. माझा रविंद्र वाशिमला गॅरेजवर, महिन्यातून एकदा घरी यायचा. म्हंजे घरात आमी दोघीच. सकाळी, दुपारी, दिवस कलताना ती पंप घेऊन आत जायची, अन् दार ओढून घ्यायची, ओल जाऊ नये म्हनून. तसं मीच सांगितलं व्हतं.

पुनव जवळ आली की छत्र्या ताटाएवढ्या व्हायच्या. कडा वर वळायच्या अन् खालून पांढरी भुकटी गळायची. दार उघडलं की उन्हाच्या पट्ट्यात नुसतं पांढरं तरंगताना दिसे. पिशव्यांवर, भिंतीवर, जमिनीवर थर. शीतल बाहेर आली की तिच्या भुवया, पापन्या पांढऱ्या. मी हसायची. "बघा गं, माझी सून पिठाच्या गिरनीतून आली."

पन लेकरं सुधरली, हे खोटं न्हाई. पहिल्या हिवाळ्यात अकरातली सात लाल रेघेच्या वर आली. सुमनबाईनं तक्ता दाखवला तवा तिच्या डोळ्यांत पानी, अन् मलाबी हुंदका आवरंना. मी त्या तक्त्यावर हात फिरवला. मला वाचता येत न्हाई, पन रेघ कळती.

दुसऱ्या हिवाळ्यात शीतल खोकायला लागली.

आधी कोरडा खोकला. मग संध्याकाळी हुडहुडी, ताप, अंग मोडून येई. सकाळी उठली की बरी. मला वाटलं, थंडी हाय, जाईल. ती मला मामी म्हनायची. एकदा म्हनलीबी, "मामी, आत गेलं की छाती भरून येती."

"काम म्हनलं की समद्यांचीच छाती भरून येती, माय," मी म्हनले.

मग भावाला पोरगी पाहायची म्हनून ती चार दिवस नरसीला गेली. तिकडून फोन केला तर आवाज खनखनीत. खोकला न्हाई, ताप न्हाई. घरी आली अन् तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. पुढच्या महिन्यात परत गेली, परत तसंच. आता तुमीच सांगा, सासूच्या डोक्यात काय येईल? जे येतं तेच आलं. हापशावर पाच-सात बायका व्हत्या, शीतलबी घागर घेऊन उभी व्हती, अन् मी मोठ्यानं म्हनलं, "आमच्या सूनबाईचा खोकला लई शाना हाय गं. नरसीच्या फाट्यावर उतरतो, अन् आमच्या दारात आला की परत चढतो."

बायका खो-खो हसल्या. शीतलनं घागर भरली, उचलली, अन् निघाली. अर्ध्या वाटेत तिनं घागर खाली ठेवली अन् भिंतीला हात लावून उभी राहिली, हे मी पाहिलं. नखरे, असंच मी म्हनलं मनात. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या व्हत्या, तेबी मला दिसत व्हतं.

माघी पुनवेचं सुमनबाईनं ठरवलं. वरच्या आळीच्या लहान लेकरांच्या आयाबी मशरूम मागून राहिल्या, म्हनली, तर या पुनवेला विहाराच्या अंगनात सगळ्यांची एकच पंगत करू. तातेरावबी येतो म्हनला. मला आधी खरंच वाटंना. माझ्या सासूच्या गाडग्यात तातेरावच्या आजीनं वरून ताक ओतलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं हाय, शिंतोडा अंगावर उडू नये म्हनून सासू मान मागं करून उभी. त्याच घरचा मानूस आमच्या चुलीवरचं आमच्या हातचं खायला बसनार. मी साठ पानांचा अंदाज धरला. चाळीस किलो तरी लागनार. आमी बियानं मोजून-मापून लावलं, अन् मी कुलूप ओढून पाहिलं, दोनदा.

पुनवेला सात दिवस राहिले तवा शीतल चुलीपुढं बसल्या बसल्या कलंडली. ओठ जांभळे. रविंद्रला कळवलं न्हाई, उगं धावत येईल म्हनून. ऑटो केला अन् मी एकटीच तिला हिंगोलीला घेऊन गेले.

डॉक्टरनं पाठीला नळी लावली. बोटाला चिमटा लावला, आकडा पाहिला, अन् त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. छातीचा फोटो काढला. तो उजेडाला धरून लई वेळ पाहत राहिला. मग मला म्हनला, "आजी, ही कुठं बंद खोलीत, धुळीत, भुशात काम करते का? आणि एक गोष्ट नीट आठवून सांगा. घर सोडून बाहेरगावी गेली की हिचा खोकला कमी होतो का?"

हापशावर मी हेच तर म्हनले व्हते! मी त्याची टिंगल केली, अन् ह्या मानसाला त्यात दुखनं दिसून राहिलं व्हतं. एका घडीत मला सगळं कळलं. खोली, पोती, भुकटी, दिपाचं बोलनं, सगळं. अन् त्याच घडीत दुसरंबी कळलं. व्हय म्हनलं की हा म्हननार, खोली बंद करा. मशरूमनं मानूस आजारी पडलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत वरच्या आळीत. कोन येतंय मग पंगतीला? आमच्याच वाड्यातल्या आया लेकरायच्या ताटात पुन्हा ते घालतील का?

"न्हाई, साहेब," मी म्हनले. "कुठंबी गेली तरी तसंच. अन् काम कसलं, घरातलंच. झाडलोट, सैपाक."

शीतल टेबलावर पडून व्हती. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता बोलती. तिनं पदर छातीवर ओढून घेतला अन् छताकडं बघत राहिली.

"नक्की?" डॉक्टरनं पुन्हा विचारलं.

"व्हय. माझ्या डोळ्यांपुढंच असती ना."

सात दिवस. सातच दिवसांची तर गोष्ट, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी येऊन खरं सांगीन, असं मी मनाला बजावलं. दोन दिवस तिला तिथंच ठेवलं, सुया दिल्या, वाफ दिली. डॉक्टर म्हनला, छातीत जंतू झालेत असं धरून औषध देतो, पंधरा दिवसांनी दाखवा, त्रास वाढला तर लगेच या. दोन दिवसांत तिच्या तोंडावर रंग आला. मी सुटले असं मला वाटलं, लाज वाटायच्या ऐवजी.

घरी आल्यावर तिला मी खोलीकडं जाऊ दिलं न्हाई. "तू पडून राहा," म्हनलं, काहून ते सांगितलं न्हाई. पानी मी फवारलं. चार दिवस. मी कधी एवढा वेळ आत थांबले न्हवते. दार ओढलं की आत काही हलत न्हाई, आवाज येत न्हाई, फक्त ती भुकटी खाली येत राहती. जिभेवर बसती, गोडूस लागती. तिसऱ्या संध्याकाळी माझ्याच घशात खवखव सुरू झाली अन् अंगात कसकस आली. मला भ्या वाटलं, खरंच वाटलं. मी शिडी लावून झरोक्यातल्या पोत्याला हात घातला. मग मागं घेतला. दोनच दिवस राहिले व्हते, अन् छत्र्या सुकल्या असत्या तर वजन उतरलं असतं.

त्या रोजी जेवताना शीतल म्हनली, "मामी, तुमाला खरंच वाटतंय का, खोलीमुळं न्हाई म्हनून?"

"गोळ्या घे अन् झोप," मी म्हनले.

पुनवेच्या सकाळी चुली मांडायच्या म्हनून मी दिवस उगवायलाच विहाराकडं गेले. पंगत आधी जेवनार म्हनून तोडनी त्या दिवशी वंदनेच्या आधी ठेवली व्हती. चावी बेबीबाईकडं दिली, सोबत दोघी तोडायला यायच्या व्हत्या. एकीचं लेकरू रातभर रडलं म्हनून ती आली न्हाई, दुसरी उशिरा येते म्हनली. साडेनऊला मी भांडी आनायला घरी आले, तर बेबीबाई अंगनात एकटीच टोपल्या धूत बसलेली. खोलीचं दार बंद.

"आत कोन हाय?"

"शीतल तोडून राहिली की," बेबीबाई म्हनली. "मी नको म्हनलं व्हतं. म्हनली, मामीनं डॉक्टरला सांगितलंय, खोलीचा काही संबंध न्हाई. शेळ्या घुसतील म्हनून दार लावून घेतलंय. दोन तास झाले बघा, लई झपाट्यानं काम करती पोरगी."

मी धावले. दार उघडलं तर आतून पांढरं असं अंगावर आलं की मला काही दिसंना. शीतल भिंतीला टेकून बसलेली, भोवती भरलेल्या टोपल्या. तोंडावर, केसांवर थर. ओठ निळे. एक एक श्वास ती खांदे उचलून ओढत व्हती.

"मामी," ती म्हनली. मग थांबली. "चाळीस किलो." मग पुन्हा थांबली. "झालं."

मी बोंबलले. कशी बोंबलले ते मला आठवत न्हाई. तातेराव आपली जीप घेऊन विहाराकडं पातेली, चटया सोडायला येत व्हता. तोच धावत आला. त्यानं अन् बेबीबाईनं तिला उचललं, मागं टाकलं. "तुमी जा, कमलबाई," तो म्हनला, "इथलं आमी पाहतो. पंगत उठल्याबिगर कोनी घरी जानार न्हाई." त्याच्या ड्रायव्हरनं हिंगोली गाठली, तिथल्या दवाखान्यानं थांबूबी दिलं न्हाई, गाडी बदलून सरळ नांदेडला पाठवलं. वाटेत मी तिच्या तोंडावरची भुकटी पदरानं पुसत राहिले. पुसली तरी पापन्यांत राहिलीच.

नांदेडला तिला आत नेलं, मास्क लावला. मी बाहेर फरशीवर बसले तर सुमनबाईचा फोन. तिला वाटलं असेल, थोडं बरं वाटंल मला. "कमलबाई, बासष्ट पानं उठली," ती म्हनली. "तातेरावनं दोनदा भाजी मागून घेतली. सगळे तुमचंच नाव काढून राहिले." ज्या बोलन्यासाठी मी जीव टाकला व्हता ते बोलनं कानात पडलं. मी फोन ठेवला.

दुपारी रविंद्र वाशिमहून आला, कपड्याला गॅरेजचं ऑइल तसंच. हिंगोलीचं त्याला काहीच ठाऊक न्हवतं. आमाला दोघांना आत बोलवलं. तिथं डॉक्टरीनबाई व्हती, तरनी, थकलेली. नवे फोटो तिच्या हातात. तिनं शीतललाच विचारलं, वाकून, सावकाश. "ताई, बोलू नका, नुसती मान हलवा. घर सोडून माहेरी वगैरे गेलात की तुमचा त्रास कमी होतो का?"

शीतलनं डोळे उघडले. तिनं रविंद्रकडं पाहिलं, मग माझ्याकडं. अन् मान हलवली. न्हाई.

तिचा जीव जाऊन राहिला व्हता, अन् ती पोरगी नवऱ्यापुढं माझी अब्रू झाकून राहिली व्हती. मला तिथंच भुई फाटून आत जावं वाटलं.

"ती खोटं सांगून राहिली, बाई," मी म्हनले. "नरसीला गेली की खोकला राहत न्हाई. दोनदा पाहिलं मी. आमच्या अंगनात मशरूमची खोली हाय. बंद खोली. रोज तीनदा आत जाती ती. झरोक्यात मी पोती कोंबलीत."

डॉक्टरीनबाई एकदम सरळ झाली. नर्सला हाक मारली, कागदावर काही लिहिलं, एक औषध बंद केलं, दुसरं लावलं. मग रविंद्रला बाजूला घेऊन म्हनली, पन मला ऐकू आलं. "त्या भुकटीनं फुप्फुस सुजतं, आणि वारंवार सुजलं की कडक होतं. पुन्हा त्या खोलीत, त्या घरातसुद्धा हिला ठेवू नका. आठवडाभर आधी हे कळलं असतं तर बरंच वाचलं असतं. आता कडक झालेलं कडकच राहणार. उरलेलं किती वाचतं, ते बघू."

ती गेल्यावर रविंद्रनं शीतलच्या उशाची हिंगोलीच्या दवाखान्याची पिशवी घेतली, तिच्यातला जुना कागद काढून तारीख पाहिली.

"आई, आठवडाभर आधी हिला दवाखान्यात कोनी नेलं व्हतं?"

"मी."

"तिथल्या डॉक्टरनं हे विचारलं न्हाई?"

मला अजूनबी न्हाई म्हनता आलं असतं. शीतल डोळे मिटून पडली व्हती, तिनं काही सांगितलं नसतं, या जन्मात न्हाई.

"विचारलं व्हतं," मी म्हनले.

रविंद्रनं स्टूल ओढलं, माझ्या अन् तिच्या खाटेच्या मधी ठेवलं, अन् माझ्याकडं पाठ करून तिचा हात धरून बसला.